खर्जाचा भाव

ऑर्केस्ट्राच्या रंगमंचावर बेस गिटार वाजवणारा मनुष्य नेमका कुठे उभा असतो, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? नसणारच. गणपतीत, नवरात्रात, कामगार कल्याणाच्या मैदानावर बूड ओले होईपर्यंत आपण सगळ्यांनी ऑर्केस्ट्रे ऐकलेले असतात. गायिकेच्या साडीचा रंग आपल्याला आठवतो. ॲकॉर्डियनवाल्याचा भांग कोणत्या बाजूला होता, हे आठवते. निवेदकाचे विनोद तर आठवतातच, कारण ते चाळीस वर्षांत बदललेले नाहीत. परंतु बेसवाला? ड्रमच्या पलीकडे, अर्ध्या अंधारात, लांब दांड्याचे वाद्य गळ्यात अडकवलेला कुणी एक गृहस्थ असतो खरा. बँकेत चेकवरची सही जुळवून पाहणारा कारकून काचेमागे असतो, तसा. काम चोख असेल तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही. चुकला, की मात्र सगळ्या माना तिकडे वळतात.

अशा वाद्याला किती पैसे मोजावेत, असा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात निघाला. माझी भाची स्नेहल चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात ट्रेनी आहे. डिप्लोमा झालेली, बहुतेक वेळा दुसऱ्या पाळीला जाणारी आणि उरलेले आयुष्य आंबेठाण चौकातल्या गर्दीत काढणारी. कारखान्यातल्या पोरापोरींनी मिळून एक बँड काढला आहे. तिने साठवलेले पंचवीस हजार रुपये टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "मामा, मला बेस घ्यायचाय. तू चल बरोबर."

माझीच निवड का, याला कारण आहे. एकतीस वर्षे मी पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, डोळे बारीक करायचे आणि "चालणार नाही" असे म्हणायचे, हा माझा व्यवसाय. आता निवृत्तीनंतर निगडी प्राधिकरणात राहतो. (ते प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले आणि २०२१ साली विलीन झाले, पण आमच्या पत्त्यातून काही गेले नाही.) वाङ्मयाचा समीक्षक आणि कारखान्यातला इन्स्पेक्टर यांत फरक एवढाच, की समीक्षकाला गेज लागत नाही. तेव्हा मला समीक्षेचा अधिकार आहे, हे मान्य व्हावे.

तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, पतसंस्थेत वसुलीला होते. त्यांनी प्रथम कागद-पेन्सिल घेतली.

"गिटारला तारा किती?"

"सहा."

"बरीशी केवढ्याला येते?"

"आठ हजारांत येते."

"म्हणजे तारेमागे तेराशे तेहतीस रुपये तेहतीस पैसे. आणि या तुझ्या बेसला तारा किती?"

"चार."

"किंमत?"

"सोळा-सतरा हजार."

"तारेमागे चार हजार!" दाजींनी पेन्सिल खाली ठेवली. "तारा दोन कमी आणि पैसे दुप्पट. असा व्यवहार आमच्या संस्थेत झाला असता, तर संचालक मंडळ बरखास्त झालं असतं."

इथवर ठीक होते. पण मग ते हळू आवाजात म्हणाले, "नोकरी तात्पुरती. ट्रेनीची मुदत संपली की घरी. मग हे लाकूड घेऊन काय त्याच्यावर पोळ्या लाटायच्या?" यावर कुणाला हसता आले नाही. चाकणपासून तळेगावपर्यंत मुदत संपलेली पोरे एका गेटवरून दुसऱ्या गेटवर कागद घेऊन फिरताना आम्ही रोज पाहतो. ते पंचवीस हजार म्हणजे तिच्या दीड वर्षाच्या जेवणाच्या डब्यांतून, बसच्या पासांतून आणि न घेतलेल्या ड्रेसांतून उरलेले पैसे होते.

तेव्हा आमच्या ताईने तोडगा काढला. "सध्या तात्पुरतं काहीतरी स्वस्तातलं घे. मग बघू."

हा आपल्या मध्यमवर्गाचा राष्ट्रीय तोडगा आहे. आणि माझी समीक्षा इथूनच सुरू होते. कारण या तोडग्याइतका महाग सौदा दुसरा नाही. मध्यमवर्गीय घरात तात्पुरती म्हणून आलेली वस्तू परत जात नसते. माझ्या घरात लग्नानंतर तात्पुरते म्हणून आणलेले पत्र्याचे कपाट आहे. त्याच्या दारावर आता नातू चित्रे चिकटवतो. 'मग बघू' मधला 'मग' हा फार प्रतिष्ठित गृहस्थ आहे. तो आपल्यासारख्यांच्या घरी येत नाही. ज्याच्याकडे एकाच खरेदीपुरते पैसे आहेत, त्याचे पहिले वाद्य हेच त्याचे शेवटचे वाद्य असते.

शिवाय नवशिक्याला वाईट वाद्य द्यावे, हा न्याय कुणी काढला? विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला आपण डबा बांधतो. "अजून शिकतोच आहे, भोक पडलेला डबा चालेल," असे कुणी म्हणते काय? उस्तादाच्या हातात वाईट वाद्यही निभावून जाते. नवशिक्याला मात्र स्वर चुकला तो बोटामुळे की लाकडामुळे, हेच कळत नाही. तो बिचारा दोष स्वतःकडे घेतो आणि तीन महिन्यांनी वाद्य पलंगाखाली ढकलतो. पलंगाखालची ही वाद्ये मोजली, तर महाराष्ट्रातल्या पेट्यांचा आणि गिटारांचा खरा आकडा हाती लागेल.

पण मुळात बेस कशाला हवा, हा दाजींचा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर खरे तर आमच्या दोन्ही बाजूंना आहे. पिंपरी-चिंचवडच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. या पट्ट्यात पखवाज वाजला नाही अशी एकादशी जात नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात. कशासाठी? तो आवाज खाली उतरावा, भरदार व्हावा म्हणून. कणीक काढून पखवाज वाजवा. टाळकरी तेच, अभंग तोच, पण भजन जमिनीवरून चार बोटे वर लटकते. डग्ग्यावाचून तबला तसाच. तंबोऱ्याची खर्जाची तार उतरली, की गवयी डोळे उघडतो. खर्ज कुणी ऐकत नाही. खर्जावर उभे राहून बाकीचे ऐकतात. कणकेचा गोळा हा जगातला सर्वांत स्वस्त बेस आहे. मी दाजींना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग तिला कणीकच घेऊन द्या."

पाश्चात्त्यांना कणकेची युक्ती सुचली नाही. त्यांनी खर्जासाठी माणसाहून उंच असा डबल बेस केला. तो न्यायचा म्हणजे टेंपो हवा. मग १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने त्याला गिटारचा आकार दिला, तारांखाली चुंबक बसवले आणि दांड्यावर पडदे ठोकले. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा; त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. डबल बेसला पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर सरकले की स्वर सरकला. पडद्यांमुळे स्वर अचूक येऊ लागला, म्हणून त्याने वाद्याला नाव दिले 'प्रिसिजन'. हे वाचून मला गहिवरून आले. आमच्या भोसरीत एमआयडीसीच्या शेडांवर जी पाटी सर्वांत जास्त दिसते, तीच ही! देवीप्रिसिजन, गणेश प्रिसिजन, श्री समर्थ प्रिसिजन. वाद्य आमच्यातलेच निघाले.

आमच्यातले म्हणायला आणखी एक कारण आहे. पिंपरी-चिंचवडला आम्ही हौसेने भारताचे डेट्रॉइट म्हणतो. (चेन्नईकरही स्वतःला हेच म्हणतात, त्यांचे त्यांच्यापाशी.) मूळच्या डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी नावाचा एक तरुण फोर्डच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करी. सांगाडा एका टोकाने आत येतो आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत गाडी बाहेर पडते, हे पाहून त्याला वाटले, गाणी अशी का काढू नयेत? घरच्यांकडून आठशे डॉलर कर्ज घेऊन १९५९ साली त्याने रेकॉर्ड कंपनी काढली. मोटारींचे शहर म्हणून तिचे नाव 'मोटाऊन'. तिथे गाणी बाजारात जाण्यापूर्वी त्यांच्यावर मतदान होई आणि त्या बैठकीला चक्क 'क्वालिटी कंट्रोल' म्हणत! जगात संगीताच्या इतिहासात माझ्या खात्याचा उल्लेख असेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

त्या मोटाऊनच्या गाण्यांवर बेस वाजवणारा माणूस होता जेम्स जेमर्सन. मुख्य वाद्य १९६२ सालचे प्रिसिजन. तारा छेडायला उजव्या हाताचे एकच बोट, तर्जनी. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, असा बाणा. अमेरिकेचे अर्धे नाचगाणे या एका बोटावर उभे होते. आणि त्याचे नाव? १९७१ साली मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या रेकॉर्डवर ते प्रथम छापले गेले. तोवर बारा वर्षे कंपनीची गाणी घराघरांत वाजत होती आणि हा माणूस कागदोपत्री नव्हताच. आपल्याकडे तरी निराळे काय? राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ यांचे नाव त्या गाण्यांवर जीव टाकणाऱ्या किती जणांना सांगता येईल? रेकॉर्डच्या पाकिटावर गायक असे, संगीतकार असे, गीतकार असे, आणि नायिकेचा फोटो तर असेच असे.

मी स्नेहलला विचारले, "अगं, गिटार घेतलीस तर निदान पुढे तरी उभी राहशील. बेस का?"

ती म्हणाली, "मामा, गिटारवाले तीन आहेत. बेसला कुणीच नाही." मग थोडे थांबून म्हणाली, "लाइनवर मी गाडीच्या खालचे बोल्ट आवळते. गाडी घेणारा रंग बघतो, सीट बघतो. माझे बोल्ट कुणी बघत नाही. बघायची वेळ आली तर ती वाईट वेळ."

यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. मी कपाटातून फीलर गेज, व्हर्निअर आणि सहा इंची पट्टी काढली.

आम्ही मेट्रोने पुण्यास गेलो. ताईच्या मते हे सगळे वराची स्थळे पाहण्यासारखेच होते. फक्त इथे कांदेपोहे नव्हते आणि मुलीला प्रश्न विचारायला मुभा होती. दुकानात गेल्यावर लक्षात येते, की या किमतीत यामाहा, आयबानेझ, कोर्ट, फेंडरचे धाकटे भावंड स्क्वायर अशी पाच-सहा नावे पुन्हा पुन्हा भेटतात. दाजी यामाहापाशी खिळले. त्यांच्याकडे एके काळी आरएक्स १०० होती. तिच्या टाकीवरच्या चिन्हात तीन ट्यूनिंग फोर्क असतात, म्हणजे मोटारसायकलच्या अंगावर वाद्याची खूण मिरवत आपण वसुलीला जात होतो, हे त्यांना त्या दिवशी कळले. थोडे मऊ झाले.

नावे बाजूला ठेवतो. सोयीसाठी रंग सांगतो. समोर आले ते चार.

पहिला काळा. फेंडरच्या त्या जुन्या प्रिसिजनच्या धाटणीचा. मधोमध एक दुभंगलेले पिकअप, म्हणजे तारांचा कंप पकडणारे चुंबक, आणि बटणे दोनच: एक आवाजाचे, एक गोडीचे. दिसायला सरकारी कार्यालयातल्या टेबलासारखा. आवाज एकच, पण भरीव. वरणात तूप सोडल्यासारखा.

दुसरा लाल. हा जॅझ धाटणीचा. ती फेंडरनेच १९६० साली काढली. दांडा निमुळता. तारा जिथे टेकतात त्या टोकाला मी व्हर्निअर लावला: अडतीस मिलिमीटर. काळ्यापेक्षा चार कमी. लहान हाताला सोयीचा. पिकअप दोन, त्यामुळे आवाजात कमी-जास्त करायला वाव. पण दोहोंपैकी एकच चालू ठेवले, की ट्यूबलाइटच्या चोकसारखी गुणगुण सुरू होते. हा त्या रचनेचाच स्वभाव आहे. दोन्ही सारखी ठेवली की ती शमते. काही नवरा-बायको असेच असतात.

तिसरा निळा. याला पाच तारा, पाच बटणे, पोटात नऊ व्होल्टची बॅटरी. दाजींना हा फार आवडला, कारण तारेमागचा भाव खाली आला. हा 'ॲक्टिव्ह' प्रकार. आत छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याने आवाज ठसठशीत येतो. पण कार्यक्रमात बॅटरी संपली, की ॲक्टिव्हचा निवृत्त होतो. वाजवून झाल्यावर वायर तशीच खोचून ठेवली तरी बॅटरी संपत राहते. आणि त्या पाचव्या तारेचा खर्ज इतका खोल, की तो ऐकवणारा स्पीकर घ्यायला दुसरे पंचवीस हजार हवेत.

चौथा जुना, तपकिरी. पिंपरीतल्या एका निवृत्त ऑर्केस्ट्रावाल्याचा. तो आम्ही नंतर त्यांच्या घरी जाऊन पाहिला. याचा दांडा आखूड: बाकीच्यांची तार चौतीस इंचांची, याची तीस. हलका, गोड, भाव निम्मा. पण दांड्याच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ती ॲलन कीने फिरवून दांड्याचा बाक कमी-जास्त करतात. ती गंजून बसली होती. म्हातारा सुरेल, पण मान वळत नाही.

आता परीक्षा. गिऱ्हाईक दुकानात बेस घेतो, पट्टा गळ्यात घालतो आणि प्रथम आरशात बघतो. माझे म्हणणे, आरसा शेवटी. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धरा. मध्ये, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तार आणि पडदा यांत साधारण पाव ते तृतीयांश मिलिमीटर फट राहावी. मी फीलर गेज काढले. दुकानदार म्हणाला, "काका, लोक इथं वाजवून बघतात." काळ्यात तीस शतांश मिलिमीटरचे पान अलगद गेले. निळ्यात नव्वदचे गेले; त्यातून विळीवर चिरलेला चाकणचा कांदाही गेला असता. घाबरू नये, सळईच्या पाव फेऱ्यात हा बाक सुधारतो. पण दांड्याला पीळ असेल तर मात्र वाद्य जागेवर ठेवून नमस्कार करावा. पीळ सुंभ जळला तरी जात नाही.

मग एकेक पडदा. वीस पडदे, चार तारा, शिवाय चार मोकळ्या: एकूण चौऱ्याऐंशी स्वर. हा चौऱ्याऐंशीचा फेरा पुरा केल्याशिवाय वाद्याला मुक्ती देऊ नये. स्नेहल एकेक स्वर वाजवत होती आणि मी कान लावून खरखर कुठे येते ते खडूने लिहून घेत होतो. बाराव्या पडद्यावरचा दाबलेला स्वर आणि तिथेच नुसत्या स्पर्शाने निघणारा स्वर जुळतात का, ते पाहिले. न जुळल्यास घोडीवरचे स्क्रू फिरवून जुळवता येतात; दुकानदाराने ते समोर करून द्यावे. पडद्यांच्या कडेने बोट फिरवले. लाकूड आपल्याकडच्या एप्रिलात सुकून आखडते आणि पडद्यांची टोके बाहेर डोकावतात. पावसाळ्यात फुगते आणि दांडा वाकतो. निळ्याची टोके जानेवारीतच बोचत होती. एप्रिलात त्याने रक्त काढले असते.

शेवटी पट्टा गळ्यात घालून हात सोडायला सांगितले. काही बेस डोक्याकडून जड असतात; हात सोडला की दांडा जमिनीकडे झुकतो आणि वाजवणाऱ्याचा डावा हात वाजवायचा सोडून हमाली करतो. चार किलोचे लाकूड, वर दुसरी पाळी करून आलेला खांदा. काळा सरळ राहिला, लाल किंचित झुकला, निळ्याने लोटांगण घातले.

आवाजाचे बोलायचे तर एक गोष्ट पक्की सांगतो: मोबाइलवर ऐकून बेस निवडू नये. बेसच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला एक्केचाळीस कंपनांचा असतो. मोबाइलच्या बोटभर स्पीकरातून तो निघतच नाही. त्याच्या पटीतले वरचे स्वर तेवढे निघतात आणि खालचा आपला मेंदू स्वतःच भरून घेतो. म्हणजे चार बेसांची तुलना आपण मोबाइलवर करतो, तेव्हा तळातला आवाज चारही वेळा आपलाच असतो. म्हणून पैशांची वाटणीही डोके ठेवून करावी. पंचवीसचे पंचवीस लाकडावर घातले, तर घरी जाऊन वाद्य खिडकीत टांगावे लागते. निदान सहा-सात हजार बेसच्या ॲम्प्लिफायरला ठेवावेत. साध्या गिटारच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर बेस जोरात वाजवला, तर त्याचा कागद फाटण्याची भीती. उरलेल्यांत रुंद पट्टा, बरी वायर, पिशवी आणि स्वर जुळवायचा चिमटा.

दाजींचा शेवटचा बाण बाकी होता. "हल्ली मशीनवर वाजतं ना सगळं?"

वाजते. बेसवाल्याचे काम करणारे यंत्र जपानच्या रोलँड कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आणले होते. नाव टीबी-३०३, एकट्या बसून सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथ मिळावी, ही कल्पना. त्याचा आवाज बेससारखा काही लागेना, आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद पडले. गंमत पुढेच आहे. हिंदी चित्रपटसंगीतात बेस वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी ते यंत्र घेतले आणि १९८२ साली त्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून रेकॉर्ड काढली. फारसे कुणी विचारले नाही. पुढे शिकागोच्या पोरांनी तीच जुनी यंत्रे स्वस्तात उचलली आणि त्यातून नाचाच्या संगीताची एक नवी शाखाच निघाली. मग २०१० मध्ये चरणजितजींची रेकॉर्ड पुन्हा छापली गेली, आणि जग म्हणू लागले, अरे, हा माणूस तर आधीच पोचला होता! बेसवाल्याच्या जागी आणलेल्या यंत्राचे सोने कुणी केले, तर एका बेसवाल्याने.

आणि स्वस्ताला नावे ठेवणाऱ्यांसाठी पॉल मॅकार्टनी यांचे उदाहरण पुरे. १९६१ साली हँबुर्गमध्ये त्यांनी व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बेस घेतला. फेंडर परवडत नव्हता. हा तीसेक पौंडांत मिळाला. शिवाय ते डावखुरे, आणि हे वाद्य दोन्ही अंगांनी सारखे, त्यामुळे उलटे धरले तरी विद्रूप दिसेना. वाद्य निवडण्याची यापेक्षा मध्यमवर्गीय कारणे मला ठाऊक नाहीत! तो बेस १९७२ साली चोरीला गेला आणि परत मिळाल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. मधल्या काळात त्यांनी दुकानातले हवे ते वाद्य घेतले असते. पण शोध त्या तीस पौंडवाल्याचाच चालला. त्यांनी परवडणारे घेतले, पण तात्पुरते म्हणून घेतले नाही. सगळा फरक इथे आहे.

आमचा निकाल काळ्याच्या बाजूने लागला. लाल वाईट नव्हता; ज्याचा हात लहान आहे आणि ज्याला आवाजात खेळायचे आहे, त्याने तोच घ्यावा. तपकिरी म्हाताऱ्याची सळई फिरत असती, तर मी त्यालाच मत दिले असते. निळा कुणाला तरी आवडेलच. त्याला आरसा आवडतो. पण जिच्याकडे पैसे एकदाच आहेत, जिला बॅटरीचा खर्च नको, जिच्या खोलीवर दुरुस्तीला पोपट-पाना आणि ॲलन की एवढेच आहे, तिला कमी बटणांचे, सरळ मानेचे, स्वर न सोडणारे वाद्य हवे. सोळा हजार आठशे. दुकानदाराने निघताना विचारले, "काका, तुम्ही वाजवता का?" मी म्हणालो, "नाही. मी पास करतो."

स्नेहलची मुदत मार्चमध्ये संपते आहे. पुढचे अजून काही कळलेले नाही. त्याआधी कारखान्याचे स्नेहसंमेलन झाले, कँटीनमागच्या मैदानात मांडव घालून. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. गाणारी मुलगी पुढे, तिघे गिटारवाले तिच्या दोन्ही बाजूंना, आणि आमची पोर ड्रमच्या पलीकडे, जिथे असायची तिथेच. दाजींनी पहिली दोन गाणी घड्याळ बघत ऐकली. तिसऱ्या गाण्यात कुणाचा तरी पाय वायरवर पडला आणि बेसचा आवाज गेला. गाणारी गात होती, तिन्ही गिटारी वाजत होत्या, ड्रम चालू होता. मांडवातल्या कुणाला पत्ता नव्हता. दाजी मात्र एकदम ताठ झाले.

"लाइट गेले की काय?"

"लाइट आहेत, दाजी."

"मग हे असं पातळ का झालं?"

स्नेहलने वाकून वायर खोचली. दाजी पुन्हा खुर्चीला टेकले. "हां," ते म्हणाले. मग खिशात पेन्सिल चाचपत पुटपुटले, "सोळा हजार आठशे. मांडवात माणसं असतील चारशे. म्हणजे माणशी बेचाळीस रुपये..." पुढचा हिशेब मला गाण्यात ऐकू आला नाही.